‘क्नीड’ला तीनशे वर्षं उशीर झाला

बाई, नमस्कार.

माझी मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. त्यांच्या शाळेत दर सोमवारी एका अक्षरजोडीच्या शब्दांची यादी देतात. कधी के-एन, कधी डब्ल्यू-आर, कधी जी-एल. वीस शब्द, स्पेलिंग आणि अर्थ, शुक्रवारी चाचणी. मी मराठी माध्यमातली, बारावी झालेली. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत यायची. रात्री भांडी आवरली की मी तिचं पाठांतर घेते. गेल्या महिन्यात यादी वाचून दाखवताना कणीक मळण्याचा जो शब्द आहे, के-एन-ई-ए-डी, तो मी ‘क्नीड’ असा वाचला. मुलगी हसली, दीर हसले, काही न कळता सासूबाईही हसल्या. तेव्हापासून मुलगी म्हणते, ‘आई, तू राहू दे, माझं मी करते.’ पण करत नाही. गुरुवारी रात्री रडारड, शुक्रवारी वीसपैकी सोळा-सतरा, आणि रविवारी विचारलं तर पाचही आठवत नाहीत. शेजारच्या गल्लीत एक बाई इंग्रजीची ट्यूशन घेतात, महिना आठशे रुपये. लावू का? की आधी मीच कुठेतरी जाऊन शिकू?

— सायलेंट झालेली आई, कराड

नमस्कार. आधी तुमच्या ‘क्नीड’चं बघू, ट्यूशनचं नंतर.

तुम्ही चुकला नाहीत, तुम्हाला उशीर झाला. साधारण तीनशे वर्षांचा. १४०० सालाच्या सुमारास लंडनमध्ये पीठ मळणारी बाई हा शब्द के उच्चारूनच म्हणत होती. गुडघ्याला ‘क्ने’, सुरीला ‘क्नीफ’. हा के सतराव्या शतकात हळूहळू गळत गेला आणि अठराव्यात पार नाहीसा झाला. पण तोवर छपाई येऊन बसली होती. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६मध्ये. पुढच्या दोनेकशे वर्षांत स्पेलिंगं बरीचशी ठरून गेली, आणि १७५५मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला तेव्हा त्यांच्यावर शिक्काच बसला. जीभ पुढे निघून गेली, अक्षरं जागच्या जागी राहिली. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो आणि मळण्याला ‘क्नेटन’. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकणारी मुलं हा के मुद्दाम म्हणायला शिकतात, आणि तिथे त्यांना कुणी हसत नाही.

दिरांना हे जरूर ऐकवा. सासूबाईंना ऐकवू नका, त्यांना एक प्रश्न विचारा. त्यांच्या आई-वडिलांच्या वेळच्या पत्रांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे जागोजाग अनुस्वार असायचे. ते वाचताना कुणी म्हणायचं का? कुणी नाही. कधीकाळच्या नाकातल्या उच्चाराची खूण तेवढी कागदावर उरली होती. आपण १९६२च्या लेखननियमांत ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजांनी त्यांचे के ठेवून दिले. आणि आपलंही घर काही पूर्ण झाडून झालेलं नाही. ‘ज्ञ’ लिहितो तेव्हा आपण ज आणि ञ जोडतो, म्हणतो मात्र ‘द्न्य’. हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, गुजराती ‘ग्न’. म्हणजे मूळ उच्चार करणारं कुणीच उरलं नाही आणि अक्षर मात्र पहिल्या बाकावर बसून आहे. हा ज्ञ ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता रविवारी शब्द का पळून जातात ते. तुमची मुलगी वीस शब्द पाठ करते ते एसटीत बसलेल्या वीस अनोळखी माणसांसारखे. स्टँड आला की सगळे उतरून जातात. शाळेने त्यांना एका यादीत बसवलं ते अक्षरं सारखी म्हणून. पण अक्षरं सारखी का आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नव्हते. तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी मुलांना एकेक शब्द पाच-पाच वेळा लिहायला लावला. एकदा जी-एलची यादी दिली होती. एका मुलाने गाईडमधून अर्थ उतरवून आणले: ग्लो – चमकणे, ग्लीम – चमकणे, ग्लिटर – चमकणे, ग्लिंट – चमकणे, ग्लिसन – चमकणे. वही पुढे करत तो म्हणाला, ‘बाई, या इंग्रजांना एवढं काय काय चमकवायचं असतं?’ वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभा केला. त्याचा प्रश्न वर्गातला त्या वर्षीचा सर्वांत चांगला प्रश्न होता, हे मला कळायला पुढची काही वर्षं गेली.

जी-एलकडे येते, पण आधी तुमची ती के-एनची यादी परत काढा आणि स्पेलिंग विसरून नुसते अर्थ वाचा. नी म्हणजे गुडघा. नकल म्हणजे बोटाचा सांधा, मूठ वळली की वर येतो तो. नॉट म्हणजे गाठ. नॉब म्हणजे दाराची किंवा रेडिओची गोल मूठ. नोल म्हणजे टेकाड. नीड म्हणजे पिठाचा गोळा दाबून मळणे. निट म्हणजे विणणे, आणि तो तर नॉटमधूनच निघालेला शब्द, कारण विणणं म्हणजे गाठींवर गाठी. दिसलं? जिथे तिथे काहीतरी गोळा झालंय, वर आलंय, गाठ पडलीय. मुलीला मूठ वळायला सांगा, तिच्याच सांध्यांवर बोट ठेवून नकल, मग गुडघ्यावर हात मारून नी, मग ओढणीच्या टोकाला नॉट. तिने अर्थ पाठ करायची गरज नाही, हाताला लागले की झालं. तुमच्या ‘क्नीड’साठी तर मी आणखी एक आगाऊपणा करेन: क आणि न म्हणजे कणीक. हा निव्वळ योगायोग आहे, इंग्रजी शब्दाचा आपल्या कणकेशी काही संबंध नाही. पण दिवसातून दोनदा जी बाई परातीपुढे उभी राहते ती हा के पुन्हा कधी विसरणार नाही, आणि परीक्षेत योगायोगाचे गुण कापत नाहीत.

याच यादीत नाइट आणि नेव्ह असे दोन शब्द असतील. नाइट म्हणजे चिलखत घातलेला सरदार, नेव्ह म्हणजे लबाड माणूस. दोघांचाही जुना अर्थ एकच होता: पोरगा, हाताखालचा पोऱ्या. एक नशीब काढून सरदार झाला, दुसरा वाया गेला. आणि गंमत बघा, दोघे तुमच्या घरात आधीपासून आहेत. बुद्धिबळातला घोडा इंग्रजीत नाइट, आणि पत्त्यांतल्या गुलामाचं जुनं नाव नेव्ह. मुलीला बुद्धिबळाचा पट आणि पत्त्यांचा कॅट काढून हे दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

के निरुपयोगी आहे असंही तिला वाटू देऊ नका. बोलताना तो गेला, लिहिताना पहारा देतोय. नाइट म्हणजे रात्र की सरदार, नो म्हणजे नाही की माहीत असणं, न्यू म्हणजे नवं की ‘माहीत होतं’, हे कानाला कळत नाही, डोळ्यांना कळतं ते त्या के-मुळे.

डब्ल्यू-आरची यादी तर माझी आवडती, आणि कराडकरांनी ती सगळ्यांना शिकवावी अशी. रिंग म्हणजे ओला कपडा पिळणे (अंगठीची रिंग वेगळी, तिला डब्ल्यू नाही). रिस्ट म्हणजे मनगट, हात जिथे फिरतो ते. रेंच म्हणजे नट पिळायचा पाना, आणि क्रियापद म्हणून हिसका देऊन मुरगळणे. रॅप म्हणजे गुंडाळणे. रीथ म्हणजे फुलं-पानं वळून केलेलं चक्र. रिंकल म्हणजे सुरकुती. रिगल म्हणजे गांडुळासारखं वळवळणे. राय म्हणजे वाकडं, तोंड वाकडं करून केलेलं हसू असतं ना, त्याला हा शब्द लावतात. आणि रेसल म्हणजे कुस्ती खेळणे, धरून पिळण्याच्या जुन्या शब्दातून आलेला. एका शब्दात सांगायचं तर डब्ल्यू-आर म्हणजे पीळ. तुमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं ते कुस्तीत, म्हणजे याच डब्ल्यू-आरमध्ये. हा शब्द कराडच्या मुलीने विसरायचा म्हणजे काय!

आणि रॉंग. चूक. त्याचाही जुना अर्थ वाकडं, पिळलेलं. आपण नाही का म्हणत, वाकडं पाऊल, वाकड्या वाटेला लागला, वाकड्यात शिरू नको? तेच. सरळ ते बरोबर आणि वाकडं ते चूक, एवढ्यावर कराड आणि लंडनचं एकमत आहे. राथ म्हणजे संताप, तोही याच पिळातला. राइट म्हणजे लिहिणं मात्र या घरातलं नाही. त्याचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं. लिहायला कागद नव्हता तेव्हा लाकडावर, दगडावर टोकाने कोरायचे, तो शब्द. रेक, म्हणजे फुटलेलं जहाज, आणि रेन नावाचा चिमुकला पक्षी, हेही पिळात बसत नाहीत. त्यांना ओढूनताणून बसवू नका.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, जे मी त्याला द्यायला हवं होतं.

इंग्रजांना एवढं काय चमकवायचं असतं? जेवढं आपल्याला असतं तेवढंच. गाईडवाल्याने सगळ्यांपुढे ‘चमकणे’ लिहिलं कारण त्याला घाई होती. मराठीत या प्रत्येक चमकेला वेगळा शब्द आहे आणि तो तुम्ही रोज वापरता. घासून पालथ्या घातलेल्या पितळेच्या तांब्याला जी तकाकी येते ती ग्लीम. लग्नातल्या शालूची जर चमचमते ते ग्लिटर. लांब डोंगरावरच्या वाडीतला दिवा लुकलुकतो ते ग्लिमर. चुलीतला निखारा ज्वाला नसताना लालबुंद फुललेला असतो तो ग्लो. पावसानंतर अळूच्या पानावरचं पाणी चकाकतं, तेल लावलेले केस चकाकतात, ओलेपणाची ती चमक म्हणजे ग्लिसन. कोयता उचलल्यावर पात्यावर क्षणभर काहीतरी लख्खकन उठतं ते ग्लिंट. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांत घुसतो आणि काही दिसत नाही, तो ग्लेअर. म्हणूनच कुणी डोळे वटारून बघितलं तर त्यालाही ग्लेअरच म्हणतात. ग्लॉस म्हणजे तुकतुकी. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर, ती चमकून जाते. ग्लास म्हणजे काच, तीही याच चकाकणाऱ्या घराण्यातली. आणि ग्लॅड, आनंदी, त्याचा जुना अर्थ उजळ, चमकदार असा होता. पोरीचा चेहरा उजळला म्हणतो ना आपण, झालं.

चमचम, लुकलुक, लखलख, झगमग, झळाळी, तकाकी, तुकतुकी, चकाकी. हा सगळा ऐवज तुमच्याकडे आहे. ट्यूशनवाल्या बाईंकडे तो असेलच असं नाही, आणि गाईडमध्ये नाही हे मी पाहिलेलं आहे. जी-एलच्या यादीला एक संध्याकाळ द्या आणि ती स्वयंपाकघरात द्या, टेबलाशी नको. तांब्या उचला, ‘हे काय?’ विचारा.

सुरुवातीच्या एक-दोन ध्वनींतच अर्थाचा वास असण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात नाव आहे, फोनेस्थीम. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३०मध्ये ते दिलं. गृहस्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. एस-एनची यादी आली तर नाक दाखवा: स्निफ हुंगणे, स्नीझ शिंकणे, स्नोअर घोरणे, स्नॉर्ट फुरफुरणे, स्नाउट डुकराचं पुढे आलेलं नाकाड, स्नफ तपकीर. सासूबाई तपकीर ओढत असतील तर त्यांनाही यादीत घ्या. पण स्नेक आणि स्नो नाकात घालू नका.

इथे एक सावधगिरी. हे सगळं कळल्यावर माणसाला जिथे तिथे नातं दिसायला लागतं, मलाही लागलं होतं. जी-एलमध्ये ग्लू म्हणजे डिंक आणि ग्लोब म्हणजे गोल हे लॅटिनकडून आलेले पाहुणे आहेत, ते चमकत नाहीत. ग्लूम तर चक्क अंधार. चिमट्याला ट्वीझर्स म्हणतात, त्याला दोन टोकं असतात, त्यामुळे टी-डब्ल्यू म्हणजे दोन असं मी वर्गात ठोकून दिलं होतं. नंतर कळलं की तो शब्द फ्रेंचमधल्या छोट्या डबीच्या नावावरून आला, ज्या डबीत असली हत्यारं ठेवत. टी-डब्ल्यूची ही मंडळी मात्र खरोखर दोनची आहेत: ट्विन जुळं, ट्वाइस दोनदा, ट्वाइन दोन पदरी सुतळी, बिट्वीन दोघांच्या मध्ये, ट्वेंटी दोन दहा. ट्वेल्व्ह म्हणजे दहा मोजून झाल्यावर दोन उरले, आणि इलेव्हन म्हणजे एक उरला. टू या शब्दात डब्ल्यू काय करतोय, असं मुलगी विचारेल. या नातेवाइकांकडे बोट दाखवा. घरात तो गप्प बसतो, भावंडांत बोलतो.

काही मूक अक्षरं तर इतिहासाचीही नाहीत, विद्वानांची खोड आहेत. डेट म्हणजे कर्ज, डाउट म्हणजे शंका. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत बी नव्हता. लॅटिन मूळ दाखवायच्या हौसेने पंडितांनी तो घुसडला. आयलंडमधला एस तर निव्वळ गैरसमजातून आलेला. कुणीही, कधीही तो उच्चारला नाही. अशा शब्दांना काही तर्क लावू नका. पाच वेळा लिहा आणि पुढे चला.

आता तो ज्ञ. ज्ञानातला, ज्ञा या धातूतला. त्याचा इंग्रजी भाऊ म्हणजे नो, के-एन-ओ-डब्ल्यू, माहीत असणं. अंतर एवढंच की आपल्याकडे जिथे ज राहिला तिथे त्यांच्याकडे के झाला, आणि दोन्ही घरांत तो पुढे म्हणेनासा झाला. गुडघ्याला संस्कृतात जानु. आजानुबाहू हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. जानु आणि नी, पुन्हा ज आणि के. कोलकात्यात १७८६मध्ये विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, या एकाच मुळातून आल्या असाव्यात. आणि जर्मन-इंग्रजीकडचीही एक फांदी त्याच झाडाची असावी. पुढे १८२२मध्ये याकोब ग्रिम, तोच परीकथा गोळा करणारा, याने कुठल्या अक्षराचं कुठलं होतं त्याचा नियमच मांडला. त्यातला एक तुकडा तुमच्या मुलीच्या उपयोगाचा: आपला द तो त्यांचा टी. दोन आणि टू. दहा आणि टेन. दात आणि टूथ. देवदार या झाडाच्या नावातला दारु म्हणजे लाकूड, आणि ट्री. (ही दारू ती नव्हे, हे घरात आधीच सांगून ठेवा.)

काही अक्षरं तर बदललीच नाहीत. एनच्या शब्दांची यादी करा आणि शेजारी आपला न ठेवा. नेम – नाम, नाव. न्यू – नव, नवा. नाइन – नव, नऊ. नेल – नख. नोज – नासा. नेव्हल – नाभी, म्हणजे बेंबी. नेकेड – नग्न. नेस्ट – नीड, घरटं, कवितेत भेटतं ते. (आता तुमच्याकडे तीन नीड झाले: मळण्याचा, गरजेचा आणि घरट्याचा. गोंधळू नका, पहिल्याला के आहे आणि तिसरा आपला.) नाइट, रात्र – नक्त. सासूबाई सोमवारचं नक्त करत असतील, दिवसभर उपास आणि रात्री जेवण, तर त्यांना विचारा त्या शब्दाचा अर्थ काय. त्या दिवशी हसण्यात त्या होत्या, या यादीतही असू द्या.

सगळे एन असे नाहीत. पण वीसपैकी आठ शब्द ओळखीचे निघाले तर उरलेल्या बारांसाठी डोक्यात जागा राहते, आणि रविवारी कोण टिकतं ते बघा.

तुमच्या दोन प्रश्नांकडे येते. ट्यूशन लावू नका, निदान यासाठी नको. त्या बाई चांगल्या असतील, मी त्यांना ओळखत नाही. पण आठशे रुपये देऊन मुलगी तीच यादी तिथे पाठ करेल आणि घरी येऊन तुमच्याशी इंग्रजीचं अक्षर बोलणार नाही. हे दुसरं मला जास्त खुपतं. त्या पैशांत एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्या. शब्दाचा जुना अर्थ देणारा इंग्रजी कोश पुढेमागे जमला तर उत्तम. उच्चारासाठी मोबाइल आहेच, शब्द टाका आणि ऐका, दोघींनी मिळून. तुम्ही चुकलात तर तिने सांगायचं. ती चुकली तर मोबाइल सांगेल.

तुम्ही स्वतः शिकायला जावं का? तुमची हौस असेल तर जरूर जा, बोलायला धीर येतो. पण मुलीचं पाठांतर घेण्यासाठी ती अट नाही. तुम्हाला स्पेलिंग येत नसेल तर तिनेच तुम्हाला ते शिकवायचं. सोमवारी यादी आली की त्याच रात्री वीस शब्द मोठ्याने वाचा आणि फक्त गट पाडा: हे एकमेकांचे सख्खे, हे लांबचे, हे पाहुणे. त्या दिवशी पाठ काहीच करायचं नाही. मंगळवार-बुधवारी तुम्ही काम करताना ती शब्द म्हणेल आणि तुम्ही मराठीत नेमका शब्द शोधाल, गाईडमधला नव्हे, बोलण्यातला. भांडणं होतील, होऊ द्या. ‘ग्लीमला तकाकी की चकाकी’ यावर दहा मिनिटं भांडलेला शब्द जात नाही. गुरुवारी फक्त पाहुण्यांचं आणि खोडसाळांचं स्पेलिंग लिहायचं, तेवढं घोकायलाच लागतं. आणि रविवारी, चाचणी होऊन गेल्यावर, कधीतरी चपात्या लाटताना सहज पाच विचारा. गुण द्यायचे नाहीत, नाही आलं तर ओरडायचं नाही.

हसण्याचं म्हणाल तर ती बारा-तेरा वर्षांची आहे. त्या वयात आईला हसणं हा धंदाच असतो. ‘माझं मी करते’ हे मात्र मनावर घ्या. ती तुम्हाला वाचवत होती, पुन्हा कुणी हसू नये म्हणून. तसं नसेलही, पण मला पत्र वाचून तसं वाटलं. तुम्ही परातीपुढे उभं राहून तिला मोठ्याने ‘क्नीड’ म्हणून दाखवा, आणि १४०० सालच्या त्या लंडनच्या बाईची गोष्ट सांगा.

एखाद्या सोमवारी जी-एचची यादी येईलच. नाइट, लाइट, एट, अशी भलीमोठी असते. हा जी-एचही एके काळी बोलायचा, घशातून, आपल्या ख आणि ह यांच्या मधला काहीतरी; जर्मनमध्ये आजही ‘नाख्ट’, ‘आख्ट’ असंच म्हणतात. डिलाइट म्हणजे आनंद, यात मात्र तो लाइटची नक्कल करून शिरलेला आहे, त्याला पाहुण्यांत टाका. आणि यादीत डॉटर असेल, डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर. त्याचं स्पेलिंग मुलं हटकून चुकवतात. जर्मन ‘टोख्टर’, आणि संस्कृतात दुहिता. दुहितातला ह आणि डॉटरमधला तो मुका जी-एच मुळात एकच. या शब्दाचा अर्थ तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. तिलाच विचारा, ‘हा शब्द कुठे आहे सांग बघू या घरात?’